गावातले एकमेव ‘नाही’

१० एप्रिल १९३८ रोजी ऑस्ट्रियात सार्वमत झाले. हिटलरच्या फौजा देशात शिरून जेमतेम चार आठवडे झाले होते. देश जर्मनीत विलीन झालाच होता, आता त्यावर जनतेच्या संमतीचा शिक्का हवा होता. मतपत्रिकेवर ‘हो’चे वर्तुळ मोठे छापलेले, ‘नाही’चे लहान. निकाल ९९.७ टक्के ‘हो’. साल्झाख नदीच्या काठावरच्या सांक्ट राडेगुंड या खेड्यात एक मत मात्र ‘नाही’ पडले. गावच्या कारभाऱ्यांनी ते वर कळवलेच नाही. एकमताचा अहवाल गेला आणि गावाची अब्रू राहिली.

ते मत फ्रान्झ येगरश्टेटरचे होते. वय तीस, धंदा शेती. हिटलरचे जन्मगाव ब्राउनाऊ त्याच भागातले, म्हणजे सत्तेवर आलेला माणूस एका अर्थी यांच्या पंचक्रोशीतलाच. अशा ठिकाणी उलटे मत देणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर.

फ्रान्झला आज कॅथलिक चर्चमध्ये ‘धन्य’ म्हणतात. २००७ साली लिंझच्या कॅथेड्रलमध्ये तसे जाहीर झाले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची त्याची पत्नी फ्रान्सिस्का समोर बसलेली होती. टेरेन्स मॅलिकने २०१९मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. एवढे सगळे झाल्यावर कथा सोपी वाटू लागते: एका बाजूला देवाला मानणारा शेतकरी, दुसऱ्या बाजूला राक्षसी राजवट. मला ती तशी सोपी वाटत नाही. फ्रान्झला ज्या समाजाच्या उलट जावे लागले तो रविवारी मिस्सेला जाणारा, मुलांचा बाप्तिस्मा करणारा, जेवणाआधी प्रार्थना म्हणणारा समाज होता. त्याला थांबवणाऱ्यांत आई होती, नातेवाईक होते, गावचे धर्मगुरू होते आणि शेवटी बिशपही होते.

तो काही जन्मापासून साधुपुरुष नव्हता. शेतावर मोलमजुरी करणाऱ्या अविवाहित आईच्या पोटी १९०७ साली त्याचा जन्म झाला. लग्न करण्याइतकी ऐपत आईवडिलांची नव्हती, आणि वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आईने पुढे ज्याच्याशी लग्न केले त्याने मुलाला दत्तक घेतले, आडनाव आणि शेत दोन्ही दिले. तरुणपणी फ्रान्झ आइझेनएर्त्सच्या लोखंडाच्या खाणीत राबला, त्या कमाईवर मोटारसायकल घेऊन गावी परतला आणि साऱ्या गावाने ती पाहिली. १९३३मध्ये लग्नाशिवाय त्याला एक मुलगीही झाली. संतचरित्रे लिहिणाऱ्यांना हा भाग अडचणीचा वाटतो. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण नंतरचा निर्णय कुणा बैराग्याचा नाही, संसारात मुरलेल्या माणसाचा आहे, हे त्यावरून कळते. १९३६मध्ये फ्रान्सिस्काशी लग्न झाले, मधुचंद्राला दोघे रोमला गेले आणि तिच्या सहवासात त्याची श्रद्धा खोल गेली. ओळीने तीन मुली झाल्या.

नाझींना नकार देण्यासाठी त्याला नवे तत्त्वज्ञान शोधावे लागले नाही. लिंझचे बिशप ग्फ्योल्नर यांनी जानेवारी १९३३मध्ये काढलेल्या पत्रकात चांगला कॅथलिक आणि खरा नाझी एकाच वेळी होता येत नाही, असे सांगितले होते. (त्याच पत्रकात यहुदी लोकांविषयी जे आहे ते वाचून मान खाली जाते, तेही नोंदवले पाहिजे.) पाच वर्षांनी वारे फिरले. मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रियाच्या बिशपांनी एकत्र निवेदन काढून लोकांना ‘हो’ मत देण्याकडे वळवले. फ्रान्झने जुने पत्रक खरे मानले आणि नवे नाही. त्याच वर्षी जानेवारीत त्याला स्वप्न पडले होते. डोंगराला वळसा घालत एक देखणी आगगाडी येते, मुले-माणसे तिच्याकडे धावत सुटतात, आणि ही गाडी नरकाला चालली आहे, असा आवाज येतो. या स्वप्नाचा संबंध नाझी चळवळीशी त्याने पुढे स्वतःच जोडला.

मग नकारांची मालिकाच सुरू झाली. सरपंचपद देऊ केले, त्याने घेतले नाही. पक्षाच्या निधीला पैसे दिले नाहीत. मुलांसाठी सरकार देत असलेला भत्ता नाकारला. घरात पैशांची चणचण असताना हक्काची रक्कम सोडणे, हे गावाच्या दृष्टीने निव्वळ खूळ होते.

१९४०मध्ये लष्करी प्रशिक्षणाला मात्र तो गेला. गावच्या कारभाऱ्यांनी शेतीचे कारण पुढे करून त्याला १९४१मध्ये परत आणले. दरम्यान राजवट मनोरुग्णांना आणि अपंगांना ठार मारते, हे त्याच्या कानावर आले होते. परतल्यावर तो गावच्या चर्चची देखभाल करणारा सेवक झाला आणि पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही, हे मनाशी ठरवले. शिक्षण गावच्या शाळेपुरते, पण वह्यांमध्ये तो प्रश्न लिहीत राहिला. युद्ध अन्यायाचे आहे हे दिसत असताना, जबाबदारी वरच्यांची, आपण फक्त हुकूम पाळायचा, असे म्हणून ख्रिस्ती माणसाची सुटका होते का?

चर्चचे त्या काळचे उत्तर ठरलेले होते. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याइतकी माहिती सामान्य माणसाकडे नसते, तेव्हा राज्यकर्त्यावर भरवसा ठेवावा आणि आपले कर्तव्य करावे. आधाराला पौलाचे रोमकरांस पत्र असायचे. त्याच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे. गंमत अशी की त्याच्या आधीच्याच, बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला जगाच्या साच्यात स्वतःला ओतू नका, असे पौल सांगतो. शतकानुशतके प्रवचनांत तेरावा अध्याय जास्त चालला. सत्तेच्या सावलीत उभ्या असलेल्या कुठल्याही धर्मात असेच होते, त्यात ख्रिस्ती लोकांचे वेगळेपण काही नाही.

फ्रान्झ सल्ला घ्यायला थेट लिंझला गेला. ग्फ्योल्नर तोवर वारले होते. नवे बिशप फ्लीसर यांनी त्याला समजावले की त्याच्यावर जबाबदारी आहे ती कुटुंबाची; राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब त्याला द्यावा लागणार नाही. बाहेर थांबलेल्या फ्रान्सिस्काने पुढे सांगितले की तो खिन्न होऊन बाहेर आला. बिशपांनाही स्वतःच्या जिवाची भीती वाटते, असे त्याचे मत झाले होते. हा भित्रेपणा म्हणायचा की काळजी? मला वाटते, काळजीच. बिशपांनी त्याला वाईट सल्ला दिला नाही, प्रेमळ सल्ला दिला. तसाच सल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या घरच्या माणसाला दिला असता. म्हणूनच तो नाकारणे इतके कठीण होते.

फेब्रुवारी १९४३मध्ये पुन्हा बोलावणे आले. १ मार्चला एन्सच्या छावणीत हजर होऊन त्याने सांगितले की तो लढणार नाही. जखमींची सेवा करायला मात्र तयार आहे. लिंझच्या तुरुंगात दोन महिने ठेवून मे महिन्यात त्याला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात नेले. प्रॉटेस्टंट धर्मपंडित डीट्रिश बोनहॉफर त्या दिवसांत त्याच तुरुंगात होते. दोघांची भेट झाली असती तर काय बोलणे झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ६ जुलैला सर्वोच्च लष्करी न्यायालयाने देहदंड सुनावला. आपल्या आधी फ्रान्झ राइनिश नावाच्या धर्मगुरूनेही असाच नकार देऊन मरण पत्करले होते, हे तुरुंगातल्या पाद्रींकडून कळल्यावर त्याला मोठा धीर आला. म्हणजे तो वेडा नव्हता, निदान एकटा वेडा नव्हता.

फ्रान्सिस्काने सुरुवातीला त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. सगळेच त्याच्याविरुद्ध गेल्यावर ती त्याच्या बाजूने उभी राहिली. तिनेही साथ सोडली असती तर त्याला कोणीच उरले नसते, असे ती म्हणे. जुलैमध्ये गावच्या धर्मगुरूंना सोबत घेऊन ती बर्लिनला गेली. भेट वीस मिनिटांची. धर्मगुरूंनी तिथेही त्याला समजावून पाहिले. ९ ऑगस्टला ब्रांडनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. थोरली मुलगी अजून सहा वर्षांचीही नव्हती.

गावाने दोष दिला तो फ्रान्सिस्कालाच. हिनेच त्याला देवधर्माच्या नादी लावले, नाहीतर असा मेला नसता, असे बोलले जाई. युद्ध संपले, राजवट गेली, तरी सैनिकाच्या विधवेची पेन्शन तिला आधी नाकारली गेली. ती मिळाली १९५०मध्ये. लिंझच्या धर्मप्रांताच्या साप्ताहिकात त्याच्यावर लेख छापायचे घाटत होते, तेव्हा बिशप फ्लीसर यांनीच तो अडवला. आपले कर्तव्य बजावत रणांगणावर पडलेले श्रद्धाळू तरुण हेच मोठे वीर, असे त्यांचे म्हणणे. त्यात भित्रेपणा शोधण्याआधी गावागावांतल्या आया डोळ्यांपुढे आणाव्यात. फ्रान्झ बरोबर होता असे म्हटले, की त्यांची मुले कशासाठी मेली, हा प्रश्न उभा राहतो. सांक्ट राडेगुंडला फ्रान्झ कायम बोचत राहिला तो याच कारणाने.

जगाला तो कळला एका अमेरिकनामुळे. समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान याने स्वतः दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला होता. हिटलरच्या युद्धांतल्या जर्मन कॅथलिकांवर संशोधन करताना हे नाव त्याच्यापुढे आले. गावात जाऊन त्याने लोकांना विचारले आणि १९६४मध्ये ‘इन सॉलिटरी विटनेस’ हे पुस्तक काढले. फ्रान्झ भला माणूस होता, पण धर्माच्या बाबतीत अति करायचा, हे मत त्याला वारंवार ऐकायला मिळाले.

इथून धागा मुंबईला येतो. थॉमस रॉबर्ट्स हे जेझुइट १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप होते. ही जागा भारतीय माणसाची आहे अशी त्यांची धारणा होती. व्हॅलेरियन ग्रेशियस १९४६मध्ये सहायक बिशप झाल्यावर रॉबर्ट्स मुंबईबाहेर पडले आणि १९५०मध्ये रीतसर पायउतार झाले. ग्रेशियस पुढे भारताचे पहिले कार्डिनल ठरले. गादी सोडणारा आर्चबिशप त्या काळात तरी दुर्मीळच. हेच रॉबर्ट्स दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अण्वस्त्रांबद्दल आणि सैनिकाच्या विवेकाबद्दल टोचतील असे प्रश्न विचारत राहिले. १९६५ साली त्यांनी परिषदेपुढे मांडलेल्या निवेदनात येगरश्टेटरचे उदाहरण दिले. ज्याला आपल्याच धर्मगुरूंकडून आधार मिळाला नाही अशा माणसाचे नाव जगभरच्या बिशपांपुढे ठेवले जात होते.

डिसेंबर १९६५मध्ये परिषदेने आधुनिक जगातल्या चर्चविषयीचा दस्तऐवज संमत केला. विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यांनी माणुसकीची तरतूद करावी, मात्र त्यांनी समाजाची सेवा दुसऱ्या मार्गाने करायला तयार असावे, असे त्याच्या ७९व्या परिच्छेदात म्हटले आहे. एन्सच्या छावणीत फ्रान्झने नेमकी हीच तयारी दाखवली होती. त्या वेळी त्याची दखल घेणारा कायदा राज्याकडे नव्हता, आणि त्यासाठी आग्रह धरणारा एकही बिशप त्याच्या पाठीशी उभा राहिला नव्हता. देहदंडाचा निकाल बर्लिनच्या न्यायालयाने रद्द केला तो १९९७ साली.