कर्करोगाला 'शेक' देतात म्हणजे काय करतात?

कर्करोगाच्या रुग्णाला 'शेक देतात' असे आपण म्हणतो. पण त्यात उष्णतेचा संबंध नसतो. ते असतात क्ष-किरण किंवा कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'भाभाट्रॉन' यंत्रात हाच कोबाल्ट असतो.

पेशींच्या विभाजनावरील नियंत्रण सुटले की त्या वाढतच जातात आणि शेजारच्या ऊतींत घुसतात. हाच कर्करोग. किरणांमुळे पेशीतील पाण्यापासून अतिक्रियाशील मूलके तयार होतात व ती डीएनएचे धागे तोडतात. तुटका डीएनए घेऊन विभाजन करू पाहणारी पेशी मरते.

मग निरोगी पेशींचे काय? इजा त्यांनाही होते. पण ती दुरुस्त करणे त्यांना कर्कपेशींपेक्षा चांगले जमते. म्हणून ६० ग्रे मात्रा द्यायची असल्यास ती एकदम न देता रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, अशी ६ आठवडे देतात. शिवाय किरण निरनिराळ्या दिशांनी सोडून गाठीवर एकत्र आणतात.

त्वचा काळवंडली किंवा बरे वाटू लागले म्हणून उपचार मध्येच सोडला, तर उरलेल्या कर्कपेशींना वाढायला सवड मिळते. हे पालकांना समजावून सांगायला हवे.

आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईला असा शेक चालू असेल, तर इतर मुलांना आपण सांगू या : बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत आणि कर्करोग स्पर्शाने होत नाही. तिच्याजवळ बसायला, तिच्या हातचे खायला काहीच हरकत नाही.