कुंडीतली मातीही थकते

सोसायटीत कुणाचं झाड मलूल दिसू लागलं की विचारणा होते, "काकू, कुठलं खत घालू?" मी खुरपी घेऊन जाते आणि आधी माती बघते. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

समोरच्या घरातला मोगरा असाच काढला. कुंडी आडवी करून कडेने थापटली, तसा अख्खा गोळा बाहेर आला. मुळांनी गोल गोल वेटोळी घातलेली, माती नावालाच. पृष्ठभागावर पांढरी पुटं, बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांची. अशा कुंडीत घातलेलं पाणी कडेकडेनं थेट बशीत उतरतं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. तिथे खत घालून काय उपयोग?

शेतात गांडुळं आणि पालापाचोळा मातीत सतत भर घालत असतात. कुंडीतला सेंद्रिय भाग एक-दोन वर्षांत कुजून संपतो, कण दबून बसतात आणि मधली हवा जाते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ओल आणि हवा यांच्या ज्या समतोलाला शेतकरी वाफसा म्हणतात, तो कुंडीतही हवाच.

म्हणून मी बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करते, वेटोळी धारदार कात्रीनं छाटते. नवी कुंडी फार तर दोन इंच मोठी घ्यावी. जास्तीची माती ओली राहते आणि मुळं कुजतात. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मला पुरतं. कोरफड किंवा अडेनियम असेल तर त्यात जाड वाळू भरपूर घालते. नुसती काळी माती मात्र नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात.

तळाशी खडीचा थर घालायची पद्धत तर सोडाच. पाणी मातीतून खडीत सहजी उतरत नाही. स्पंजासारखी माती ते आपल्या खालच्या थरात धरून ठेवते आणि खडीमुळे हा चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

मोगऱ्याची कुंडी बदलण्याचं काम जानेवारी-फेब्रुवारीत छाटणीबरोबर उरकावं. मनीप्लांट, जास्वंदीसाठी पावसाची सुरुवात उत्तम. नंतर आठवडाभर सावली आणि महिनाभर खत बंद. कुंडी हलवण्यापलीकडे जड असेल तर वरची दोन इंच माती उकरून नवी भरली तरी झाड तरारतं.

आणि निघालेली जुनी माती कृपा करून कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. रोगट झाडाची नसेल तर मुळं वेचून ती कडक उन्हात पसरा, शेणखत मिसळा, पुढच्या कुंडीला वापरा.