वॅट वाढवायचे की गोंगाट घटवायचा?

गाडीच्या म्युझिक सिस्टीमवर पैसे घालावेत का, या प्रश्नाची उत्तम कसोटी सांगली जिल्ह्यातच तयार होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला मर्दानी तंबोरा काळी एकच्या पट्टीत जुळवला, की खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 वेळा कंप पावते. त्याच वेळी घोडीवरची जवारी त्या तारेतून स्वरांशांची झळाळी उठवते, आणि तिची कंपनं हजारोंच्या घरात जातात. हा खर्ज आणि ही झळाळी दोन्ही नीट ऐकवेल, ती सिस्टीम चांगली.

आता याच तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून साताऱ्याहून सांगलीला निघा. ऐंशीच्या वेगाला जवारी ऐकू येत राहते, पण खर्ज हरवतो. तासवडे टोलनाक्यापुढे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, तर तोच खर्ज परत येतो. स्पीकर तेच, आवाजाची पातळीही तीच. मधल्या काळात थांबला तो टायर, इंजिन आणि वाऱ्याचा गोंगाट. छोट्या गाडीत या वेगाला तो साधारण 65 ते 70 डेसिबलपर्यंत जातो आणि त्याचा मोठा भाग खालच्या कंपनसंख्यांचा असतो. त्याच पट्ट्यातला हळू स्वर कानाला वेगळा काढता येत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर हा त्रास सहसा वाढतो.

बहुतेक जण यावर उपाय म्हणून वॅट वाढवतात. तिथं गणित आडवं येतं. वीस वॉटचे चाळीस केले, तर वाढ होते फक्त 3 डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट ताकद लागते. टेपच्या खोक्यावर ‘50 वॉट गुणिले 4’ छापलेलं असतं. पण चालू गाडीत वीज मिळते 14 व्होल्टच्या आसपास, आणि नेहमीचा स्पीकर असतो 4 ओहमचा. एवढ्या व्होल्टेजवर, वेगळा अँप्लिफायर नसेल, तर एका स्पीकरला पंचविसेक वॉटच्या पुढे स्वच्छ ताकद मिळूच शकत नाही. म्हणून स्पीकर घेताना वॅटपेक्षा त्याची संवेदनक्षमता विचारा. एक वॉटला एक मीटरवर 87 डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी 90 डेसिबलचा घेतला, तर ताकद दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो.

स्पीकरइतकाच महत्त्वाचा असतो तो दरवाजा. त्याचं आतलं पॅड काढून पाहा. पातळ पत्रा, त्यात हात जाईल एवढी भोकं आणि त्यांवर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद, एवढंच दिसतं. स्पीकरचा पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ होते. मागची लहर भोकांतून आत आली, की पुढच्या लहरीला मारते, आणि पहिला बळी जातो खर्जाचा. वर पत्रा स्वतःच थरथरतो. ब्युटिलची डॅम्पिंग शीट लावून भोकं बुजवली, तर कंपनी फिटिंगचे स्पीकरसुद्धा सुधारतात. मात्र टायरचा आवाज मुख्यतः तळातून आणि चाकांच्या कमानींतून येतो. तो दरवाज्याच्या शीटनं फारसा अडत नाही. त्यासाठी टायरची हवा, झीज आणि दाराचे रबर आधी तपासावेत.

बसण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. उजवा स्पीकर चालकाला डाव्यापेक्षा 40 सेंटिमीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज हजारांश सेकंदानं आधी पोहोचतो आणि गायक उजव्या दाराशी बसल्यासारखा वाटतो. जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय आता अनेक टेपमध्ये असते. विकत घेण्याआधी ती आहे का, ते पाहा.

बुफर आणि मोठा अँप्लिफायर शेवटी. अँप्लिफायर 500 वॉट ओढत असेल, तर 12 व्होल्टला 40 अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. बारीक वायर तापून पेट घेऊ शकते, म्हणून जाड तांब्याची वायर हवी आणि बॅटरीलगतच फ्यूज हवा. वायरिंग कापून जोडलं, तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. कानांचंही भान ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. रोज तासभर गाडीत ऐकणाऱ्यानं पुढच्या दोन दरवाज्यांचं डॅम्पिंग आणि पुढचेच दोन चांगले स्पीकर यांवर काही हजार जरूर घालावेत. मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्यावेत. गाडीच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच आलापात कळतो. त्यापुढचा प्रत्येक रुपया कमी-कमी सुख देतो. आणि दुकानात पारखायला जाताना तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण सोबत न्या. दणदणीत गाण्यात स्पीकरचे दोष सहज लपतात, तंबोऱ्यात लपत नाहीत.