नववा किरण

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठीत बोललं की एक रुपया दंड असायचा, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचं जे काही होतं ते संपादक मंडळाने सांभाळून घेतलंय. मॅगझिनवाल्यांनी 'मराठी सेक्शनला लेख दे' म्हटल्यावर मी आधी हसलोच. मग म्हटलं, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल लिहून होतं, तर एक लेख का नाही होणार? विषय मात्र असा घेतलाय जो कुठल्याच ब्रँचच्या सिलॅबसमध्ये नाही. फिलिपिन्स! (हसू नका, पुढे वाचा.)

माझा मामा मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. जहाजावर त्याच्यासोबतचे बरेचसे खलाशी फिलिपिनो असतात. एका वर्षी १२ जूनला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, मेस रूममध्ये झेंडा लावला होता, जेवणाचा बेत होता, गाणी चालली होती. एक ऑइलर मात्र आपलं ताट घेऊन कोपऱ्यात बसला होता. मामाने विचारलं, "काय रे, तू फिलिपिनो नाहीस का?" तो म्हणाला, "पासपोर्टवर आहे." मग झेंड्यावरच्या सूर्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, किरण मोजा. आठ आहेत. त्यात आमचा एकही नाही."

तो सुलू बेटांवरचा होता, तौसुग जमातीचा मुसलमान. मामाने ही गोष्ट गणपतीत घरी आल्यावर सांगितली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याच देशाच्या झेंड्यात आपण नाही, असं एखाद्याला का वाटावं?

तर आधी हे आठ किरण कोणाचे ते बघू. १८९६ मध्ये फिलिपिन्समध्ये स्पेनविरुद्ध उठाव झाला. त्यात आघाडीवर असलेल्या, मनिला आणि तिच्या आसपासच्या आठ प्रांतांचे हे आठ किरण. त्यात दक्षिणेचे मुसलमान नाहीत आणि उत्तरेच्या डोंगरातले इगोरोत लोकही नाहीत. म्हणजे ते लढले नाहीत का? उलट! स्पेनशी सगळ्यात जास्त काळ लढले ते हेच. पण उठाव कोण करतं? ज्याच्यावर राज्य चाललेलं असतं तो. हे लोक स्पेनच्या हाताखाली धड कधी आलेच नव्हते, त्यामुळे त्यांनी 'उठाव' करायचा प्रश्नच नव्हता. जो वाकला नाही तोच यादीतून गळाला, असा हा अजब हिशोब आहे.

जरा मागे जाऊ. या देशात ७,६०० पेक्षा जास्त बेटं आहेत. १५२१ मध्ये मॅगेलन तिथे पोहोचला आणि माक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांशी लढताना मारला गेला. पुढे १५६५ मध्ये लेगास्पी आला, १५७१ मध्ये मनिला घेतली, आणि १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य टिकलं. 'फिलिपिन्स' हे नावसुद्धा स्पेनचा राजा फिलिप दुसरा याच्यावरून पडलेलं. म्हणजे राष्ट्रीय ओळखीच्या पाटीवर पहिलंच नाव परक्या राजाचं!

स्पॅनिश लोकांनी सपाटीवरच्या लोकांना ख्रिश्चन केलं, चर्चभोवती गावं वसवली, कर बसवला. पण दक्षिणेला सुलू आणि मागिंदानाओ इथे आधीपासून सल्तनती होत्या. स्पेनमधलं शेवटचं मुसलमान राज्य १४९२ मध्ये संपवून आलेल्या या लोकांना इथे पुन्हा मुसलमान दिसले, तर त्यांनी आपल्या घरचीच जुनी शिवी वापरली, 'मोरो'. तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ अशा डझनभर भाषांचे लोक, एकमेकांशीही भांडणारे, पण स्पेनच्या वहीत सगळे एकच, मोरो. सतराव्या शतकात सुलतान कुदारातने स्पॅनिश फौजांना मिंदानाओत पाय रोवू दिले नाहीत.

उत्तरेला लुझॉन बेटावर कॉर्दियेरा नावाची डोंगररांग आहे. तिथे सोनं होतं, त्यामुळे स्पॅनिश मोहिमा वारंवार गेल्या, पण तिथे त्यांचा जम बसला नाही. तिथल्या इफुगाओ, बोंतोक, कालिंगा, इबालोई वगैरे लोकांना मिळून नाव पडलं 'इगोरोत', म्हणजे डोंगरातले. सपाटीवरचा माणूस हा शब्द 'जंगली' याच अर्थाने वापरायचा.

सिव्हिलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. या 'जंगली' लोकांनी डोंगर कापून भातखाचरांच्या अशा पायऱ्या बांधल्यात की १९९५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. दगडाच्या आणि मातीच्या भिंती, माथ्यावर राखलेलं जंगल, त्यातून झिरपणारं पाणी उतारानेच एका खाचरातून दुसऱ्या खाचरात. पंप नाही, सिमेंट नाही. ही खाचरं दोन हजार वर्षं जुनी असं पूर्वी सांगायचे. अलीकडच्या पुरातत्त्व संशोधकांनी मात्र असं मांडलंय की भाताची खाचरं स्पॅनिश आल्यानंतर झपाट्याने वाढली, कारण लोक त्यांना टाळून डोंगरात वर सरकले. म्हणजे ही शेती पण आहे आणि तटबंदी पण!

१८९८ मध्ये स्पेन हरला आणि पॅरिसच्या तहात त्याने सगळी बेटं अमेरिकेला २ कोटी डॉलर्सना देऊन टाकली. जे मोरो आणि इगोरोत मुलूख स्पेनच्या ताब्यात धड नव्हतेच, तेही या सौद्यात गेले. आपलं नसलेलं घर विकायचं आणि घेणाऱ्यानेही ते घ्यायचं, असा व्यवहार. अमेरिकनांनी १९०३ च्या जनगणनेत लोकसंख्येचे चक्क दोन भाग केले, 'सुसंस्कृत' आणि 'रानटी'. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात इगोरोत लोकांना नेऊन बसवलं आणि गोरे लोक तिकीट काढून त्यांना बघायला आले. १९०६ मध्ये सुलूतल्या बुद दाहो डोंगरावर आसऱ्याला गेलेल्या मोरोंवर अमेरिकन फौजेने हल्ला केला. शेकडो माणसं मेली, त्यात बायका-मुलंही होती.

एक चांगली गोष्टही याच काळात घडली. मातेओ कारिन्यो नावाच्या इबालोई माणसाची जमीन सरकारने घेतली होती. तो थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९०९ मध्ये जिंकला. कोर्टाने सांगितलं की ज्या जमिनीवर लोक आठवतंय तेव्हापासून राहतायत ती सरकारी कधी नव्हतीच असं धरलं पाहिजे, कागद असो वा नसो. निकाल झकास होता, पण पुढे कित्येक वर्षं जमिनी जात राहिल्या.

आता सगळ्यात बोचणारा भाग. अमेरिकन गेले, १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण 'फिलिपिनो कोण' हे ठरवायला बसला तो सपाटीवरचा, शिकलेला, ख्रिश्चन वर्ग. कार्लोस रोमुलो हे त्यांचे मोठे मुत्सद्दी, पुढे १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. त्यांनी १९४३ च्या एका पुस्तकात लिहिलं की इगोरोत हे फिलिपिनो नाहीतच. कारण सोपं होतं, अमेरिकेत लोक सगळ्याच फिलिपिनोंना 'रानटी' समजत होते. आपण रानटी नाही हे साहेबाला पटवायचं, तर घरातल्याच कोणाकडे तरी बोट दाखवून 'तो रानटी, मी नाही' म्हणणं सगळ्यात स्वस्त पडतं. (शाळेत दंड चुकवायला मीही गावाकडून आलेल्या मुलांच्या इंग्लिशला हसायचो. तेव्हा हे कळत नव्हतं.)

दक्षिणेत प्रश्न जमिनीचा झाला. मिंदानाओत जागा खूप, लोक कमी, म्हणून सरकारने उत्तरेकडच्या गरीब शेतकऱ्यांना तिथे वसवलं. ज्याच्याकडे कागद त्याची जमीन, आणि कागद वसाहतवाल्यांकडे. काही दशकांत मोरो आपल्याच मुलखात अल्पसंख्य झाले. सुलतान कुदारातच्या नावाचा प्रांतसुद्धा आज मोरोंच्या स्वायत्त प्रदेशात नाही! मग १९६८ मध्ये कोरेहिदोर बेटावर गुप्त लष्करी प्रशिक्षणासाठी आणलेले मुसलमान तरुण मारले गेल्याची बातमी फुटली आणि ठिणगी पडली. १९७२ मध्ये मार्कोसने मार्शल लॉ लावला आणि नूर मिसुआरीच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीने उघड युद्ध पुकारलं.

या लोकांनी 'मोरो' ही शिवी उचलली आणि छातीवर बिल्ल्यासारखी लावली. 'आम्ही बांगसामोरो, मोरो राष्ट्र.' यातला 'बांगसा' हा मलय शब्द आपल्या 'वंश' या संस्कृत शब्दावरून आलाय. 'इगोरोत' शब्दाचंही तेच झालं, आज कॉर्दियेराची पोरं तो अभिमानाने मिरवतात.

पण दोघांच्या मागण्यांत फरक आहे. मोरो म्हणत होते, आमचं राष्ट्रच वेगळं. इगोरोत लोकांचं म्हणणं साधारण असं की आम्ही फिलिपिनो आहोत, पण आमची जमीन आणि रीत आमच्याकडे राहू द्या. १९७० च्या दशकात चिको नदीवर वर्ल्ड बँकेच्या पैशातून धरणं बांधायचं ठरलं. कालिंगा आणि बोंतोक गावांची घरं, खाचरं आणि पूर्वजांच्या कबरी पाण्याखाली जाणार होत्या. एकमेकांची डोकी उडवणाऱ्या गावांनी जुन्या शांतता-कराराच्या पद्धतीने, 'बोदोंग'ने, एकी केली. बायकांनी सर्व्हेवाल्यांचे तंबू उखडले. २४ एप्रिल १९८० ला त्यांचा पुढारी माक्लिइंग दुलाग याला सैनिकांनी गोळ्या घातल्या. पण धरणं रद्द झाली.

हे वाचताना मी थांबलो. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. आम्हाला कोयना शिकवतात ती मेगावॅटमध्ये, आणि ती वीज घरात आहे म्हणूनच मी हा लेख रात्री दोन वाजता टाइप करतोय, हेही खरं. पण आजीला 'गाव कोणतं' विचारलं की ती अजून बुडालेल्या गावाचंच नाव सांगते. ओरलला असा प्रश्न कोणी विचारत नाही.

१९८७ च्या नव्या राज्यघटनेत दोन्हीकडे स्वायत्त प्रदेश द्यायचं कबूल झालं. कॉर्दियेरात १९९० आणि १९९८ ला मतदान झालं, पण दोन्ही वेळा एकेकाच प्रांताने 'हो' म्हटलं आणि गाडं अडलं. १९९७ मध्ये मात्र कायदा झाला, ज्याने वडिलोपार्जित मुलखावर आदिवासींचा हक्क मानला. खाणी किंवा धरणाआधी त्यांची संमती हवी असं त्यात आहे. अंमलबजावणीवरून भांडणं चालूच आहेत.

दक्षिणेत १९७६ आणि १९९६ ला करार झाले, दुसऱ्या गटाशी, म्हणजे मोरो इस्लामी मुक्ती आघाडीशी, २०१४ ला झाला. २०१७ मध्ये मारावी शहर पाच महिन्यांच्या लढाईत उद्ध्वस्त झालं. शेवटी २०१८ च्या कायद्याने आणि २०१९ च्या मतदानाने बांगसामोरो स्वायत्त प्रदेश आला. आणि मामाच्या त्या ऑइलरचं सुलू? तिथल्या बहुमताने 'नको' म्हटलं होतं, आणि त्याच आधारावर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुलूला त्या प्रदेशातून वगळलं. मोरो म्हणून एक असलेले लोक तौसुग आणि मागिंदानाओ म्हणून अजून वेगळे आहेतच.

आणखी एक गंमत. मिंदानाओत मुसलमानही नाहीत आणि ख्रिश्चन वसाहतवालेही नाहीत असे आदिवासी आहेत. त्यांनी १९८६ मध्ये स्वतःला 'लुमाद' असं एकत्र नाव घेतलं, म्हणजे 'इथलेच'. बांगसामोरो प्रदेशात राहणारे तेदुराय आदिवासी आज मोरो सरकारला तोच प्रश्न विचारतात, जो मोरोंनी मनिलाला विचारला होता: तुमच्या राष्ट्रात आमची जमीन कुठे?

झेंड्यावर नववा किरण काढावा, मोरो आणि आदिवासींसाठी, अशी विधेयकं फिलिपिन्सच्या संसदेत येऊन गेली. कायदा अजून झालेला नाही. मला विचाराल तर किरण जरूर काढावा, एका सूर्याला एक किरण जड नाही. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण लगेच कोणीतरी दहावा मागेल, आणि त्याचंही बरोबरच असेल. राष्ट्र म्हणजे किरण मोजून एकदाचं बंद केलेलं ड्रॉइंग नव्हे, त्यात रिव्हिजन चालूच राहणार. फक्त शीट कोऱ्या जागेवर काढतोय असं समजू नये. तिथे आधीपासून कोणीतरी राहत असतं.

मामाला फोनवर विचारलं, त्या ऑइलरला तू पुढे काय म्हणालास? मामा म्हणाला, "म्हणणार काय? माझं ताट उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो."