चार घरांच्या मंडळीची खबरबात

रविवारची उपासना संपत आली की पाळक किंवा धर्मगुरू हातात एक कागद घेतात आणि सूचना वाचू लागतात. कोण इस्पितळात आहे, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी आहे, कोणाचे लग्न ठरले आहे आणि त्याला कोणाची कायदेशीर हरकत असल्यास ती कधीपर्यंत कळवावी, महिला मंडळाची सभा कोणाच्या घरी, छताच्या दुरुस्तीसाठी किती वर्गणी जमली. अनेक ठिकाणी हाच मजकूर महिन्याच्या पत्रकात छापला जातो आणि वर पाळकांचे दोन परिच्छेदांचे प्रोत्साहनपर मनोगत असते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाच्या हाती असे पत्रक सहसा पडत नाही. ख्रिस्ती माणूस ते घडी घालून बायबलमध्ये ठेवतो आणि तिथेच विसरतो. वाङ्मय म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही, आणि ते ठीकच आहे. तरीही माझे म्हणणे असे आहे की पत्रकातला धीर देणारा भाग ते मनोगत नव्हे. खरा धीर त्याखालच्या रुक्ष बातम्यांमध्ये असतो, आणि विखुरलेल्या, संख्येने लहान समाजाला त्या बातम्यांची गरज प्रवचनाइतकीच असते.

महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज लहान आणि विखुरलेला आहे, हे आकड्यांतच दिसते. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. त्यातले बरेच जण मुंबई, वसई आणि पुण्यात राहतात. उरलेले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जालना, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर अशा जिल्ह्यांत पसरलेले आहेत. पुन्हा त्यांच्यात कॅथलिक, उत्तर भारत मंडळी, मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी आणि अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्या अशी वाटणी आहेच. एखाद्या गावात चार घरे ख्रिस्ती असतात, पुढची चार घरे दोन गावे ओलांडल्यावर भेटतात. अशा घरांना श्रद्धेचा उपदेश कमी पडत नाही, तो पुस्तकातून मिळतो. आपण एकटे नाही याचा पुरावा मात्र रोजच्या जगण्यात सहज सापडत नाही.

ही गरज ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. नव्या करारातील पौलाची पत्रे आज धर्मशास्त्र म्हणून वाचली जातात, पण लिहिली गेली तेव्हा ती लहान-लहान मंडळ्यांना धाडलेली खबरबात होती. पहिल्या शतकाच्या मध्यात फिलिप्पै, करिंथ, थेस्सलनीका या शहरांतल्या मंडळ्या कोणाच्या तरी घरात जमत आणि आसपासच्या लोकांच्या नजरेत संशयास्पद असत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातला एपफ्रदीताचा प्रसंग पाहावा. पौल कैदेत असताना फिलिप्पैच्या मंडळीने याच माणसाच्या हाती त्याच्यासाठी मदत पाठवली होती. तो तिकडे गेला आणि मरणाच्या दारी पोचेल इतका आजारी पडला. ही खबर गावी पोचली, मंडळी चिंतेत पडली, आणि आपल्या लोकांना हे कळले म्हणून एपफ्रदीत स्वतः कासावीस झाला. पौल लिहितो की तो आता बरा आहे, मी त्याला तुमच्याकडे परत पाठवतो आहे, त्याला भेटून तुम्हाला आनंद होईल. एक माणूस आजारी पडला आणि बरा झाला, इतकीच बातमी. त्याच पत्रात ख्रिस्ताच्या नम्रतेवरचा जो गहन भाग आहे, त्याच्यावर शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले. पण पत्र पहिल्यांदा वाचले गेले त्या दिवशी फिलिप्पैच्या त्या घरात सुटकेचा निःश्वास कोणत्या ओळीवर पडला असेल, याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

दुसऱ्या एका पत्रात पौल करिंथकरांना कळवतो की मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असूनही यरुशलेममधल्या गरजवंतांसाठी त्यांनी ऐपतीबाहेर दिले. ही बातमी देण्यामागे हेतू आहे, करिंथकरांचा हात सैल व्हावा हा, आणि तो लपवलेलाही नाही. पण त्यापाठोपाठ तो आणखी एक गोष्ट सांगतो. हे पैसे नेण्याचे काम एकट्याचे नसून मंडळ्यांनी निवडलेले लोक सोबत आहेत, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा उरू नये. वर्गणीचा हिशेब पत्रकात छापण्याची प्रथा इतकी जुनी आहे. ज्या मंडळ्या आज तो छापायला टाळाटाळ करतात, त्यांनी हा भाग पुन्हा वाचायला हरकत नाही.

आता अहमदनगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले. तिथेच जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. रेव्हरंड हेन्री बॅलेंटाइन त्याचे पहिले संपादक. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघून १८४० मध्ये बंद पडले होते. ‘ज्ञानोदया’ने मात्र शंभरी ओलांडली, आणि मराठी नियतकालिकांत इतके दीर्घायुष्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. त्या काळी नगर भागात ख्रिस्ती झालेली कुटुंबे थोडी होती आणि त्यांतली बरीच महार-मांग समाजातून आलेली होती. गावगाड्यात त्यांचे स्थान आधीच शेवटचे. धर्म बदलल्यावर होता तोही आधार डळमळला. अशा कुटुंबाला दुसऱ्या गावातल्या कुटुंबाची बातमी छापील मराठीत वाचायला मिळणे, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ऐकायला मिळणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

येथे एक तुलना उपयोगी पडते. याच मिशनरींचे अहवाल बोस्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी हेरल्ड’मध्येही छापले जात. त्यांचे वाचक हजारो मैलांवरचे देणगीदार होते. वाचक लांब असला की लिहिणाऱ्याचा हात नकळत एका बाजूला झुकतो. दुःख जरा गडद होते, यश जरा मोठे होते, कारण त्या लेखावर शाळेचा पुढच्या वर्षाचा खर्च अवलंबून असतो. ही लबाडीच असते असे नाही, पण मजकुरात ज्याचे नाव आहे तो माणूस ते वाचणार नसतो. नगरला छापलेली बातमी मात्र त्याच्या शेजाऱ्याच्या हाती पडते. अमुक गावची मंडळी जोमात वाढते आहे असे लिहिले आणि तिथे तीनच माणसे जमत असली, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी लोक हसतील. स्थानिक पत्रकाला खरेपणाची ही सक्ती आपोआप असते, आणि म्हणून त्याने दिलेला धीर टिकतो. सगळे उत्तम चालले आहे हे दूरच्या माणसाने सांगितले तर आपण मान डोलावतो. ओळखीच्या माणसाने सांगितले तर त्याचा आधार वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा सगळा धर्मप्रचार होता, त्याला बातमी कशाला म्हणायचे? आक्षेपात तथ्य आहे. ‘ज्ञानोदय’ प्रचारासाठीच निघाले होते, हिंदू धर्मावर त्याने कठोर, कधी उद्दाम टीका केली, आणि त्या काळच्या वादंगाची कल्पना १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेल्या जाहीर वादविवादांवरून येते. पण छापखाना एकदा सुरू झाला की तो मालकाच्या हेतूपुरता राहत नाही. १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांत मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी होती, मिशनच्या शाळेतली नव्हती आणि ख्रिस्तीही नव्हती. दलित स्त्रीच्या लेखनाचा इतिहास आज याच निबंधापासून सांगितला जातो. प्रचारपत्राने तिला जागा दिली यात प्रचारकांचा स्वार्थ होता असे म्हणता येईल, कारण ब्राह्मणी व्यवस्थेवरचे तिचे प्रहार त्यांना सोयीचे होते. असेना का. मुलीचे म्हणणे तिच्या नावाने छापले गेले, आणि तसे छापणारी नियतकालिके त्या वेळी मोजकीच होती.

पुढच्या काळात हा सूर बदलला आणि त्याचे बरेचसे श्रेय नारायण वामन टिळकांना जाते. १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. उपासनेत इंग्रजी चालींच्या गीतांऐवजी अभंग आणि भजने यावीत, मंडळीचे नेतृत्व देशी माणसांकडे यावे, हा त्यांचा आग्रह. कॅथलिकांकडे जर्मन येशुसंघीय हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादन केले आणि वाचकाची व्याख्याच मोठी केली. धर्मग्रामाच्या बातम्यांच्या शेजारी साहित्य आणि सामाजिक प्रश्न आले. हिरवी वसई वाचवण्याच्या आंदोलनात संपादक स्वतः उतरले. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा धर्मगुरू कशाला असा आक्षेप काहींनी घेतला. ज्यांनी ‘सुवार्ता’ चाळली होती त्यांना हा प्रश्न पडायचे कारण नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, आणि तो बाहेरून येत नाही, चर्चच्या बाकांवरूनच येतो. पत्रकात सगळे गोडच छापले जाते. मालमत्तेवरून चाललेले खटले, निवडणुकीतली गटबाजी, धर्म बदलूनही लग्न जुळवताना विचारली जाणारी जात, यांतले काहीच तिथे दिसत नाही. मग त्या बातम्यांवर भरवसा का ठेवायचा? उत्तर असे की ठेवू नये, जोवर संपादक तो कमावत नाही. प्रोत्साहन म्हणजे अप्रिय गोष्टी गाळणे, हा समज त्या परंपरेच्या मुळाशीही जुळत नाही. ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून करिंथच्या भांडणांची खबर लागताच पौलाने ती पत्राच्या सुरुवातीलाच मांडली. फिलिप्पैकरांना लिहिताना तर त्याने युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना नावे घेऊन समेट करायला सांगितले, आणि त्या शुभवर्तमानासाठी आपल्या खांद्याला खांदा लावून झटल्या आहेत हेही त्याच दमात सांगितले. असे पत्र भर सभेत वाचले जात होते. आजच्या पत्रकात कोणाचे नाव घेऊन भांडण छापावे असे मी म्हणत नाही; तिथे बदनामीचा धोका आहे आणि क्रूरपणाही. पण मंडळीच्या जमिनीचा खटला कोणत्या कोर्टात आहे, पुढची तारीख कोणती, वकिलाला किती दिले, ही माहिती सर्वांची आहे. ती न छापल्याने अफवा वाढतात, आणि अफवांनी धीर खचतो.

काही बातम्यांना तर थेट पोटाशी संबंध असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून त्याच्या बाहेर आहेत. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नगर किंवा जालना जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मुलाला दाखल्यावर काय लिहायचे, अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतील, हे मंडळीच्या पत्रकाने सांगितले नाही तर त्याच्या घरी ते कोण सांगणार? याला प्रापंचिक बाब म्हणून बाजूला सारणारे पाळक आहेत. मला हा युक्तिवाद पटत नाही. वर्गणी मागताना प्रपंच चालतो, मग माहिती देताना का चालू नये?

तिसरा आक्षेप काळाचा. आता प्रत्येक मंडळीचा व्हॉट्सॲप गट आहे, मग पत्रक कशाला? २०२० च्या मार्चमध्ये प्रार्थनास्थळे बंद झाली आणि महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली. पुढच्या लाटेत पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ ला खुली झाली. त्या काळात उपासना मोबाइलवर आली, आणि कोणाला प्राणवायूचे सिलिंडर हवे आहे, कोणाच्या दफनाला किती जणांना परवानगी आहे, हे क्षणात कळवण्याचे काम या गटांनीच केले. छापील पत्रकाला ते जमले नसते, हे मान्य करायलाच हवे. पण वेग ही एक गरज झाली. गटावर रोज सकाळी फुलांच्या चित्रांवरची वचने येत राहतात, त्यांत आजारपणाची बातमी वर सरकून दिसेनाशी होते. ज्या म्हातारीकडे स्मार्टफोन नाही तिला ती कळतच नाही, आणि बहुधा तिलाच भेटीला येणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते. शिवाय गटावर संपादक नसतो. आलेली बातमी खरी की खोटी, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

आणखी एक अडचण आहे, तिचा विचार फारसा होत नाही. जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या असतात. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ मध्ये आला, त्याआधी जन्मलेल्या अनेकांना वयाचा पुरावा म्हणून याच वह्यांतला उतारा कामी आला. नोंदवही कोण जन्मले आणि कोण गेले एवढे सांगते. त्या वर्षी पाऊस झाला का, शाळेला शिक्षक मिळाला का, छत कोणाच्या पैशातून झाले, हे पत्रक सांगते. मुक्ताचा निबंध आपल्यापर्यंत पोचला तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला आणि ते अंक कोणीतरी जपले म्हणून. फोन बदलला की गटावरचा सारा मजकूर जातो. म्हणून ज्या मंडळीला छपाईचा खर्च झेपत नसेल तिनेही महिन्याच्या बातम्यांचे एक पान तारीख घालून तयार करावे, त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक दारावरच्या फलकावर लावावी आणि दुसरी बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी कपाटात ठेवावी. फलकावरची प्रत शेजारपाजारच्या कोणीही वाचावी. लपवण्यासारखे त्यात काही असू नये, आणि असेल तर ते आधी दुरुस्त करावे.