उत्तर बरोबर, रीत चूक

जन्मभर खडू हातीं धरून शिकविणाऱ्यानें साठी उलटल्यावर पुनः विद्यार्थी व्हावें, हें ऐकून वाचकांस हसूं येईल. आमच्या घरींही सर्वांस आलें. निमित्त झालें नातवाच्या आवडत्या पूल नांवाच्या खेळाचें.

पांढरा चेंडू व लक्ष्य यांच्यामध्यें दुसरा चेंडू आडवा आला असतां, पांढऱ्यानें त्यावरून उडी मारून पलीकडे भिडावें, असा त्या खेळांत एक डाव आहे. नातवानें जिमखान्यांत तो करून दाखविला. "यांत काय मोठेंसें!" असें म्हणून आम्हीं काठी घेतली, तिचें टोंक चेंडूच्या बुडाशीं खुपसलें, आणि चेंडू अलगद उडाला! भोंवतालच्या मुलांनीं टाळ्या पिटल्या. नातू मात्र हळूच म्हणाला, "आजोबा, हें नियमांत बसत नाहीं. चेंडू खालून उचलणें चूक धरतात."

आम्ही वरमलों. संस्कृताच्या उत्तरपत्रिकांवर "रूप बरोबर, साधण्याची रीत चूक" असा शेरा मारून आम्हीं किती मुलांचे गुण कापले असतील! त्यांत एकदां ह्याच नातवाचा बाप होता. त्या रात्रीं तो जेवला नव्हता.

खरी रीत अगदीं उलट आहे. चेंडू वर जावा म्हणून त्यास खालीं दाबावें लागतें! टेबलावरील कापडाखालीं दगडी फरशी असते. काठीची मागील बाजू उचलून, सुमारें ३० ते ४५ अंशांच्या कोनानें, चेंडूच्या वरच्या अंगास तिरपा आघात केला म्हणजे चेंडू फरशीवर दाबला जाऊन प्रत्याघातानें उसळतो. मूठ सैल व मनगट चपळ हवें. काठी रेटीत राहिल्यास चेंडू तिच्याखालींच अडकतो. यासाठीं आखूड, हलकी काठी मिळते. जागतिक नियमांप्रमाणें तिची लांबी निदान ४० इंच हवी. १८७५ सालीं जबलपुरास जन्मलेल्या स्नूकरच्या खेळांत मात्र अशी उडी सामान्यतः वर्ज्यच. कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानें १८३५ सालीं बिलियर्डच्या चेंडूंच्या गतीवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो उगाच नव्हे.

आम्हीं शिकावयास आरंभ केला. प्रथम मध्यें कांहींच न ठेवतां. मग काठीच्या टोंकास चोळावयाचा निळा खडू आडवा ठेवून. आणि शेवटीं चेंडू. कित्येक आठवडे चेंडू हट्टी पोराप्रमाणें जागींच थरथरे, नाहीं तर टेबलाखालीं पळे. नातू तो उचलून आणी व म्हणे, "पुन्हां, आजोबा." एवढा धीर आम्हीं वर्गांत क्वचितच दाखविला असेल.

एके सायंकाळीं चेंडू उडाला, रीतीनें उडाला. टाळ्या वाजवावयास कोणी नव्हतें. नातू इतकेंच म्हणाला, "आतां बरोबर."

रात्रीं पंगतींत आम्हीं मुलास त्या जुन्या शेऱ्याची आठवण दिली. म्हटलें, "शेरा योग्यच होता, बाळ, पण रीत पुन्हां समजावून द्यावयास हवी होती." तो हंसला, आणि त्यानें आमच्या पानांत आपल्या हातानें तूप वाढलें.