धूर घरात का परततो? चुलीच्या झडपेची तपासणी



उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि वाडीवस्तीवरही गॅसचा सिलिंडर पोहोचला. तरी अंघोळीचं पाणी, सणाचा मोठा स्वयंपाक, पै-पाहुण्यांच्या भाकरी ही कामं पुष्कळ घरी अजून चुलीवरच होतात. त्यातल्या काही चुलींना धुराडं आहे आणि धुराड्यात झडपही आहे. तक्रार मात्र घरोघर एकच: "निर्धूर चूल म्हणून बांधली, अन् धूर तर घरातच!" मग कुणी झडप उपटून टाकतं, कुणी चूलच मोडतं.

ही चूल काही कालची नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली. पुढे १९५० नंतरच्या दशकात हैदराबादला एस. पी. राजू यांनी अशाच चुलीवर काम केलं. केंद्र सरकारनं १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ साली थांबला. चुली बांधल्या गेल्या, पण देखभाल झाली नाही म्हणून पुष्कळ पडून राहिल्या.

आपल्याला कारखान्याचा बॉयलर ठाऊक आहे. तिथं जळणाइतकंच लक्ष हवेवर असतं. हवा आत किती जाते आणि धूर चिमणीतून किती ओढला जातो, याचा मेळ बसला तरच आग नीट लागते. घरच्या चुलीचंही तसंच. किलोभर वाळलेलं लाकूड पुरतं जळायला सुमारे ६ किलो हवा लागते. ही हवा चुलीच्या तोंडातून आत येते आणि धुराड्यातून वर जाते. वाट कुठंही अडली की धूर मागं फिरतो. म्हणून झडपेला दोष देण्याआधी पुढच्या क्रमानं तपासावं.

१. जळण. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. तो जाळायला बॉयलरची मोठी भट्टी लागते, घरच्या चुलीला ते झेपत नाही. ओलं सरपण धुमसतं. लाकूड फोडून, पावसाआधी आडोशाला रचून ठेवावं.

२. चुलीचं तोंड. तोंडात लाकडं कोंबली की हवेला जागा उरत नाही. दोन-तीन फाटे सुटे घालावेत. राख रोज काढावी. जाळी असेल तर तिच्याखालची राख आधी काढावी.

३. झडप. चूल पूर्ण गार झाल्यावर ती हलवून बघा. काजळीनं किंवा गंजानं ती अडकते. फिरती झडप असेल तर सहसा दांडी धुराड्याच्या रेषेत असताना वाट उघडी असते, आडवी झाली की बंद. सरकती असेल तर बाहेर ओढली की उघडी. पण आतला पत्रा दांडीवरून सुटला असेल, तर दांडी फिरते अन् पत्रा जागच्या जागी राहतो. एकदा डोळ्यानं पाहून घ्यावं आणि "उघडी", "निम्मी" अशा खुणा बाहेरून करून ठेवाव्यात.

४. धुराडं. काठीला चिंध्या बांधून काजळी झाडावी. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा तरी हे करावं. वरचं तोंड छपराच्या आढ्यापेक्षा वर असावं, नाहीतर वारा धूर खाली दाबतो.

५. फटी. वैलावर भांडं नसेल तर झाकण ठेवा. पेटत्या चुलीच्या सांध्यांजवळ उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला की तिथं फट आहे. गारवा आणून ती शेणमातीनं लिंपावी.

आता झडप वापरायची कशी? पेटवताना पूर्ण उघडी. गार धुराडं ओढ घेत नसेल तर आधी मूठभर वाळलं पाचट जाळून ते तापवावं. जाळ धरला की झडप हळूहळू निम्मी करावी. तोंडातून धूर येऊ लागला की बोटभर उघडावी. हीच तिची खरी जागा. झडप काढून टाकली तर निम्माशिम्मा जाळ धुराड्यात पळतो, भांडं तापत नाही आणि सरपण जास्त लागतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. निखारे धगधगत असताना झडप पूर्ण लावू नये. निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला वास नाही की रंग नाही. बंद खोलीत तो माणूस मारतो. बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवणंही तितकंच धोक्याचं.

शेवटी पुरुष मंडळींना एक सांगणं. चुलीपुढं बसून डोळे चोळायचे ते बायकांनी, आणि छपरावर चढून धुराडं झाडायला मात्र आपल्याला सवड नाही, हे बरं नव्हे. उसाच्या पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. धुराड्याचीही पाळी धरावी. येत्या रविवारी काठी अन् चिंध्या घ्या आणि सुरुवात करा.